खोटे खांब, खऱ्या भिंती

आमचे एक वास्तुविशारद स्नेही आहेत. माणूस विद्वान, चार देश पाहून आलेला. गेल्या दिवाळीत त्यांच्या दिवाणखान्यात चकली मोडता मोडता मी क्विन्लन टेरी या इंग्रज वास्तुविशारदाचे नाव काढले मात्र, त्यांनी हातातली बशी खाली ठेवली. म्हणाले, "अहो, तो वास्तुविशारद कसला? नाटकाचे पडदे रंगवणारा आहे तो! एकविसाव्या शतकात अठराव्या शतकाचे सोंग आणतो. खांब खोटे, कमानी खोट्या, सगळेच खोटे." मी म्हटले, "आणि तुमच्या गावाबाहेरच्या त्या काचेच्या पेटीतले खरे काय?" वहिनींनी वेळीच चहा आणला म्हणून पुढचे निभावले. पण त्या दिवशीचे भांडण माझ्या डोक्यातून गेलेले नाही. ते आज मी वाचकांसमोर मांडणार आहे. स्नेह्यांची बाजू मांडायला ते इथे हजर नाहीत ही माझी सोय आहे, हे आधीच कबूल करतो.

टेरीचा जन्म १९३७ सालचा, लंडनच्या हॅम्पस्टेड भागातला. पन्नाशीच्या दशकाच्या उत्तरार्धात तो लंडनच्या आर्किटेक्चरल असोसिएशनच्या शाळेत शिकला. महायुद्धाने उद्ध्वस्त झालेली इंग्रजी शहरे तेव्हा पुन्हा उभी राहत होती, आणि काँक्रीट, पोलाद व काच ही त्रिमूर्ती सोडून चौथ्या देवाचे नाव घेणे त्या शाळेत पाप होते. खांबाच्या माथ्यावर चार पाने कोरलेली दाखवणे म्हणजे चातुर्मासात सोवळ्याच्या पंगतीत कांदा मागण्यासारखे. या मुलाला जुनी वास्तुकला आवडत होती. ती कागदावर उतरवली तर परीक्षेत धडगत नव्हती. तेव्हा गड्याने मास्तरांना हवे तसले आराखडे काढून दिले, पदवी पदरात पाडून घेतली आणि शाळेबाहेर पडताच आपली वाट धरली. यात लबाडी झाली असे कोणाला वाटेल. मला मात्र त्या शाळेचीच कीव येते. ज्या मतस्वातंत्र्याच्या नावाने तिथल्या लोकांनी जुन्याला हद्दपार केले, ते स्वातंत्र्य एका पोराला द्यायची त्यांची छाती नव्हती.

१९६२ साली तो एसेक्समधल्या डेडहॅम गावी रेमंड एरिथ यांच्याकडे उमेदवारीला गेला. साल ध्यानात ठेवण्यासारखे आहे. लंडनच्या यूस्टन स्थानकासमोर फिलिप हार्डविकने १८३७ साली उभारलेली दगडी कमान त्याच सुमारास, १९६१-६२ च्या हिवाळ्यात, लोकांचा विरोध डावलून पाडली गेली, आणि तिचे कितीतरी चिरे पूर्व लंडनमधल्या नदीच्या पात्रात भर म्हणून टाकले गेले. अख्खा देश जुने फेकण्याच्या घाईत असताना हा पंचविशीतला तरुण जुने शिकायला खेड्यात गेला. एरिथ १९०४ सालचे. आयुष्यभर त्यांनी अभिजात पद्धतीनेच बांधले आणि त्यापायी समव्यावसायिकांची उपेक्षा सोसली. पण सरकारला गरज पडली तेव्हा डाऊनिंग स्ट्रीटवरील १०, ११ आणि १२ क्रमांकांच्या कुजत चाललेल्या वास्तू सावरायला हाच माणूस बोलवावा लागला. ते काम १९६० ते १९६३ चालले.

त्या कामातली एक गंमत सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही, कारण खऱ्या-खोट्याचा सगळा वाद तिच्यात आहे. पंतप्रधानांच्या घराची भिंत काळी असते, हे साऱ्या जगाला ठाऊक. दुरुस्तीच्या वेळी ती घासली तेव्हा कळले की मुळात विटा पिवळ्या! काळेपणा होता तो लंडनच्या धुराड्यांच्या काजळीचा. आता काय करावे? पिवळी भिंत लोकांना ओळखू आली नसती. तेव्हा स्वच्छ केलेल्या विटांना काळा रंग देण्यात आला, आणि तो आजही दिला जातो. आता आमच्या स्नेह्यांनी सांगावे, यातली खरी भिंत कोणती? पिवळी, काजळीची की रंगाची? वास्तूच्या बाबतीत 'खरे' हा शब्द इतका सोपा नाही, एवढेच मला इथे म्हणायचे आहे.

टेरीवरचा पहिला आरोप नकलेचा. ग्रीक आणि रोमन लोकांचे खांब त्याने उचलले, पॅलाडिओच्या खिडक्या उचलल्या, रेनची शिल्पे उचलली. उचलली ना! त्याने कधी लपवले नाही. पण ज्या ग्रीकांकडून उचलले त्यांनी तरी काय केले होते? डोरिक मंदिराच्या माथ्यावर तीन उभ्या पट्ट्यांच्या चौकटी रांगेने दिसतात. त्या म्हणजे पूर्वीच्या लाकडी तुळयांची टोके, असे विट्रुव्हियस या रोमन ग्रंथकाराने दोन हजार वर्षांपूर्वीच लिहून ठेवले आहे. देवळे लाकडाची होती ती दगडाची झाली, पण तुळयांची टोके दगडात कोरून राहिली. आणि ग्रीसपर्यंत तरी कशाला जा? लोणावळ्याहून तास-दीड तासात पोहोचता येईल अशा भाज्याला आणि कार्ल्याला जाऊन मान वर करून पाहा. डोंगराच्या पोटात खोदलेल्या चैत्याला वासे कशाला हवेत? दगडाचे छत काही कोसळणार नव्हते. तरीही तिथे वासे आहेत. कार्ल्याला तर खरोखरीचे लाकडी वासे दगडी छताखाली बसवलेले आहेत आणि दोन हजार वर्षांनी अजून टिकून आहेत. त्या कारागिरांना कोणी नकलाकार म्हणाले आहे का? लाकडाच्या वास्तूत लोकांची नजर मुरलेली होती. ती नजर त्यांनी दगडात नेली.

गाण्यात तर हा प्रश्नच आपल्याला पडत नाही. यमन गाणाऱ्याला आपण विचारीत नाही की हे सूर तुम्ही कोणाचे उचललेत. त्याने यमन कसा मांडला, कुठे थांबला, गंधारावर किती रेंगाळला, एवढेच पाहतो. डोरिक, आयोनिक, कॉरिंथियन हे टेरीचे यमन, भूप आणि केदार. त्याचे गाणे बेसूर असेल तर तसे म्हणा. पण "यमन गातो म्हणून वाईट गातो" हा कुठला न्याय? दुबईपासून शांघायपर्यंत आणि वांद्रे-कुर्ला संकुलापासून हिंजवडीपर्यंत तीच ती निळसर काच चढवणाऱ्यांना कोणी नकलाकार म्हणत नाही, याचे मला नवल वाटते. आपला तो बाब्या!

इथवर मी टेरीचा वकील आहे. पण माझ्या अशिलाने स्वतःच्या वकिलीत एक भलतेच कागदपत्र दाखल करून ठेवले आहे. टेरी हा कडवा श्रद्धाळू ख्रिस्ती. वास्तूच्या या शैलींचे मूळ बायबलातल्या ईश्वराज्ञेत आहे, देवाने मोझेसला आणि सॉलोमनला जे मंदिर सांगितले त्यातून हे खांब उतरले, अशा अर्थाचा सिद्धांत त्याने गंभीरपणे मांडला. झाले! विरोधकांना आयते कोलीत मिळाले. तुळयांच्या टोकांतून जे सुताराच्या हाताने घडले, त्याला आभाळातून उतरवण्याची काय गरज होती? परंपरा माणसांनी घडवली म्हणूनच तर ती मोलाची. देवाने सांगितली म्हटले की तिच्यात एक रेघ बदलायची सोय उरत नाही, आणि जिथे बदल थांबतो तिथे नकलेचा आरोप खरा होऊ लागतो.

टेरीचे खरे बळ खांबांत नाहीच. ते आहे त्याच्या भिंतीत, आणि तिच्याकडे त्याच्या भक्तांनी नीट पाहिले नाही, वैऱ्यांनीही नाही. म्हणून वाचकांना जरा गवंडीकामात नेतो, कंटाळू नये.

हल्लीच्या इंग्रजी घराची विटांची भिंत दिसते तशी नसते. बाहेर अर्ध्या विटेचा एक पापुद्रा, मग पोकळी, मग आतली दुसरी भिंत, आणि दोहोंना जोडणाऱ्या धातूच्या पट्ट्या. बाहेरची वीट ओझे वाहत नाही. ती अंगावरच्या शालीसारखी. मसाला सिमेंटचा. सिमेंट विटेपेक्षा कडक, त्याला वाकणे ठाऊक नाही. उन्हाने भिंत फुगली, थंडीने आक्रसली की ती तडकते. म्हणून काही अंतरावर तिच्यात उभ्या फटी मुद्दाम ठेवतात आणि त्यात रबरासारखी लुकण भरतात. ती लुकण काही वर्षांत वाळते, मग पुन्हा भरा. टेरीचे म्हणणे असे की हा सगळा उपद्व्याप कशाला? दीड-दोन विटांची भरीव भिंत बांधा, ती चुन्यात बांधा, ओझे तिलाच वाहू द्या. चुना विटेपेक्षा मऊ असतो, भिंत हलली तर तो थोडा सरकतो. बारीक चीर पडली तर पावसाच्या पाण्याने चुनाच विरघळून पुन्हा तिच्यात बसतो. दर्जा झिजल्या तर गवंडी येतो, खरवडतो, नव्या भरतो. आणि शे-दोनशे वर्षांनी भिंत उतरवायची वेळ आलीच, तर चुना झटकून वीट जशीच्या तशी हाती येते. सिमेंटच्या भिंतीतून वीट काढून पाहा. सांधा सुटत नाही, वीट फुटते.

यातले नवे काय, असे आपल्याकडचा कोणीही म्हातारा गवंडी विचारील. बैल जुंपून घाणीत मळलेला चुना, त्यात गुळाचे आणि बेलफळाचे पाणी, ही आपल्या वाड्यांची विद्या. ती आपण सोडली तशी इंग्रजांनीही त्यांची सोडली, आणि कारण दोन्हीकडे एकच: चुन्याला वेळ लागतो आणि कंत्राटदाराला वेळ नसतो. टेरीने ही विद्या खेड्यात बसून सांभाळली तेव्हा लोक हसले. आज हवामानाच्या चिंतेने साऱ्या जगाची झोप उडाली आहे, माणसाने हवेत सोडलेल्या कार्बन वायूपैकी सात-आठ टक्के एकट्या सिमेंटच्या खात्यावर आहे. सिमेंटच्या भट्टीला सुमारे १४५० अंशांचा ताव लागतो, चुन्याचे ९०० च्या आसपास भागते. शिवाय भट्टीत चुनखडीने सोडलेला वायू चुना वाळताना पुष्कळसा परत शोषून घेतो. हे गणित सगळ्या कटकटी मिटवणारे नाही. विटाही भट्टीतच भाजतात. भरीव भिंत जागा खाते, पैसा खाते. शिकागोत १८९१ साली नुसत्या विटांच्या भिंतींवर सोळा मजले चढवले, तेव्हा तळाशी भिंत सहा फूट जाड करावी लागली. दादर-परळच्या माणसाला राहायला खोली हवी आहे, सहा फुटांची भिंत नको आहे, हे मलाही कळते. पण चार-पाच मजल्यांपर्यंतच्या घरांसाठी, शाळांसाठी, इस्पितळांसाठी हा विचार करण्याजोगा होता. त्यावर वाद झाला असता तर मजा होती.

तो झाला नाही, आणि त्याचा दोष मी सर्वांत आधी टेरीच्याच पदरात घालतो. लंडनच्या पश्चिमेला थेम्सकाठी रिचमंड म्हणून गाव आहे. तिथे त्याने ऐंशीच्या दशकात नदीकाठचा एक मोठा तुकडा बांधून काढला. १९८८ साली राणीने त्याचे उद्घाटन केले. मी तिथे एका दुपारी दोन तास बसलो आहे. नदीकडे उतरत जाणारी हिरवळ, पायऱ्यांवर बसलेली पोरेसोरे, हातात हात घालून फिरणारी म्हातारी जोडपी, आणि मागे कोणी दोन शतकांत हळूहळू बांधत नेली असावीत अशी वेगवेगळ्या तोंडवळ्याची घरे. कुठे तांबडी वीट, कुठे फिकट गिलावा, एखाद्या माथ्यावर छोटासा घुमट. सुंदर, यात वाद नाही. लोकांना ती जागा मनापासून आवडते, आणि लोकांच्या आवडीला नाक मुरडणारा मी कोण? पण संध्याकाळ झाली, खिडक्यांत दिवे लागले, आणि माझा विरस झाला. त्या डौलदार खिडक्यांआड दिवाणखाने नव्हते, जेवणघरे नव्हती. होत्या कचेऱ्या! लांबच लांब मोकळे मजले, खाली आणलेले खोटे छत, त्यात नळीचे दिवे. बाहेर पाच-दहा घरे, आत एकच भली मोठी कचेरी. गायकाने नुसते ओठ हलवावेत आणि गाणे पडद्यामागून दुसऱ्याच कोणाचे यावे, तसे. यमनाची उपमा मीच दिली होती. रिचमंडमध्ये तिच्यावर पाणी पडले. ज्याने जन्मभर जाड, खऱ्या भिंतीचा पुकारा केला, त्याने तिचा मुखवटा करून सावकारांच्या हवाली केला. गिऱ्हाईकाने मागितले म्हणून केले, ही सबब मला पुरेशी वाटत नाही. शाळेत पास होण्यासाठी मास्तरांना हवे ते काढून दिले, तेव्हा तो विशीतला पोर होता. रिचमंडच्या वेळी पन्नाशीला आला होता.

आमचे स्नेही हे वाचून टाळ्या पिटतील. पण त्यांनी जरा थांबावे, कारण आता पाळी त्यांच्या देव्हाऱ्याची आहे.

टेरीच्या विरोधात ज्यांचे नाव नेहमी पुढे केले जाते ते रिचर्ड रॉजर्स. पॅरिसचे पॉम्पिदू केंद्र त्यांनी रेन्झो पियानोबरोबर उभारले आणि १९७७ साली ते खुले झाले. लंडनची लॉइड्सची इमारत १९८६ ची. नळ, जिने, हवेचे पाइप सगळे बाहेर. आत काय आहे ते बाहेर दिसलेच पाहिजे, हा यांचा प्रामाणिकपणा. उत्तम. मोठा कल्पक माणूस, २०२१ साली गेला. पण हे रॉजर्स स्वतः राहत कुठे? चेल्सीतल्या जुन्या जॉर्जियन घरांत! शेजारशेजारची दोन घरे घेऊन त्यांनी आतले पोट मोकळे केले, दोन मजल्यांच्या उंचीचा दिवाणखाना केला, पोलादी जिना बसवला. बाहेरचा चेहरा तसाच शंभर-दीडशे वर्षांपूर्वीचा. म्हणजे चेहरा जुना आणि पोट नवे. वाचकांना हे वर्णन ओळखीचे वाटेल. रिचमंडचे वर्णन मी नुकतेच याच शब्दांत केले. तेच टेरीने केले तर ढोंग आणि रॉजर्सनी केले तर रसिकता, ही मखलाशी मला समजत नाही. टिकाऊपणाचे म्हणाल तर पॉम्पिदू केंद्र वीस वर्षांत मोठ्या दुरुस्तीला काढावे लागले आणि २०२५ साली पुन्हा काही वर्षांसाठी बंद झाले.

या वादात एका रात्री आपला माणूसही सापडला होता, आणि ती हकिकत आपल्याकडे पुरेशी सांगितली गेलेली नाही. ३० मे १९८४. ब्रिटिश वास्तुविशारदांच्या राजमान्य संस्थेला दीडशे वर्षे झाली म्हणून हॅम्प्टन कोर्टच्या राजवाड्यात समारंभ होता. त्या वर्षीचे सुवर्णपदक मुंबईच्या चार्ल्स कोरियांना जाहीर झाले होते. मूळ गोव्याच्या घराण्यातला, मुंबईत कचेरी थाटून बसलेला हा माणूस जगातल्या त्या व्यवसायाच्या एका मोठ्या मानाचा धनी होणार होता. पण युवराज चार्ल्स भाषणाला उभे राहिले आणि नॅशनल गॅलरीच्या नव्या बांधकामाच्या आराखड्याला त्यांनी लाडक्या मित्राच्या तोंडावरची काळपुळी म्हटले. झाले! दुसऱ्या दिवसापासून जो तो काळपुळीबद्दल बोलू लागला. मुंबईचे सुवर्णपदक कोणाच्या लक्षात राहणार?

मला याचा राग येतो तो नुसत्या अभिमानापोटी नव्हे. त्या सभागृहात परंपरेचा सर्वांत शहाणा विद्यार्थी बसला होता तो कोरिया. कंबाला टेकडीवरची त्यांची कांचनगंगा इमारत आदल्याच वर्षी पुरी झाली होती. काँक्रीटची, अठ्ठावीस मजल्यांची; तिच्यावर एकही जुना खांब नाही. पण कोपऱ्याकोपऱ्यावर दोन मजली उंचीचे व्हरांडे कोरलेले, उन्हापावसाला अडवणारे आणि समुद्राचा वारा आत घेणारे. जुन्या बंगल्यांच्या ओसरीने जे केले ते या माणसाने आभाळात नेऊन केले. परंपरा त्याने वाऱ्यात शोधली. युवराजांना परंपरा हवी होती तर ती त्यांच्या हाताच्या अंतरावर बसली होती. त्यांनी तिला पदक दिले आणि तोफ दुसरीकडे वळवली.

त्या तोफेच्या आवाजात टेरीचे नाव मोठे झाले, आणि माझ्या मते तेच त्याला बाधले. राजवाड्याची मेहेरनजर झाली, सत्तेचीही झाली. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी पंतप्रधान थॅचरबाईंनी १० डाऊनिंग स्ट्रीटमधले दिवाणखाने त्याच्याकडून सजवून घेतले. तिथल्या एका दाराच्या वर गिलाव्यात एक चिमुकला माणूस गवताचा भारा घेऊन चालला आहे. थॅचर म्हणजे गवताने छप्पर शाकारणारा, म्हणून ही कोटी. मला ती आवडते. आपल्या पाथरवटांनी देवळाच्या कोपऱ्यात मिस्किल माकड बसवावे, त्याच जातीची आहे. पण या दिवाणखान्यांपाठोपाठ आल्या रीजंट्स पार्कमधल्या हवेल्या. १९८८ पासून पुढची पंधरा-सोळा वर्षे त्याने कालव्याच्या काठाने सहा हवेल्या बांधल्या. एक आयोनिक, एक गॉथिक, एक कॉरिंथियन, प्रत्येकीचा थाट वेगळा, आणि प्रत्येक अब्जाधीशांपलीकडे कोणाला न परवडणारी. चुना आणि भरीव वीट ही गरिबाच्या घराचीही विद्या होती. ती आता कुबेराची चैन झाली.

मग आले चेल्सी. रेनने बांधलेल्या सैनिकांच्या आश्रमाशेजारी टेरीने नवे रुग्णालय बांधले, ते २००९ साली खुले झाले. त्याच्या आराखड्याला रॉजर्सनी विरोध केला होता. जवळच जुन्या लष्करी बराकींच्या जागेवर रॉजर्सचा काच-पोलादाचा गृहसंकुलाचा आराखडा तयार होता. जमीन कतारच्या सरकारी कंपनीच्या पैशाने घेतलेली. टेरीने त्याला पर्यायी आराखडा काढला. युवराजांनी २००९ सालच्या मार्चमध्ये कतारच्या पंतप्रधानांना खाजगी पत्र धाडले, आणि जूनमध्ये रॉजर्सचा आराखडा मागे घेण्यात आला. प्रकरण पुढच्या वर्षी न्यायालयात गेले तेव्हा न्यायाधीशांनी युवराजांचा हस्तक्षेप अनपेक्षित आणि नकोसा होता असे निकालात लिहिले. आणि टेरीला काय मिळाले? काही नाही. त्याचाही आराखडा कागदावरच राहिला, जागेवर तिसऱ्यांनीच बांधले. लोकांनी मात्र मनात नोंद केली: जुन्या वळणाची वास्तू म्हणजे राजाच्या पत्राने येणारी वस्तू. कतारला गेलेल्या एका चिठ्ठीने टेरीच्या भिंतीचे जेवढे नुकसान केले, तेवढे शंभर टीकाकारांना जमले नसते.

आणि हे सारे झाले तो माणूस ब्रेंटवुडचे प्रधानमंदिर बांधणारा होता, याचे मला वाईट वाटते. एसेक्समधल्या त्या गावी १८६१ चे एक लहानसे गॉथिक चर्च होते. १९७४ साली त्याला त्या काळच्या नव्या धर्तीची जोड दिली गेली. पंधरा वर्षांत ती जोड काढून टाकण्याची पाळी आली. १९८९ ते १९९१ या काळात टेरीने तिथे नवे मंदिर उभे केले, आणि जुन्या गॉथिक चर्चचा एक भाग तसाच राखून त्याला आपली वास्तू जोडली. केंट परगण्याचा खडबडीत दगड आणि वीट, आत पांढऱ्या भिंती, दोन्ही अंगांनी डोरिक खांबांवरच्या कमानींची रांग, रंगीत काचा न वापरता आत येणारा साधा उजेड. कडवा प्रॉटेस्टंट वास्तुविशारद, मंदिर रोमन कॅथलिकांचे, आणि पैसा नाव न सांगणाऱ्या दात्याचा. इथे मुखवटा नाही. बाहेर जे मंदिर दिसते ते आत मंदिरच आहे. खांब उभा आहे तो कमान तोलायला उभा आहे. केंब्रिजच्या डाऊनिंग कॉलेजातले त्याचे १९९३ चे ग्रंथालयही मला असेच वाटते. विल्यम विल्किन्सने दोन शतकांपूर्वी तिथे ग्रीक वळणाने जे मांडले, त्या घराण्याच्या गायकीला धरून गायलेली ती चीज आहे.

पण मला टेरीचे घर निवडायला सांगितले तर मी ब्रेंटवुड नाही घेणार. मी डेडहॅमला परत जाईन. तिथे फ्रॉग मेडो नावाची, म्हणजे बेडकांच्या कुरणाची, एक वाट आहे. एरिथ आणि टेरी यांनी साठीच्या दशकाच्या अखेरीपासून पुढे वर्षानुवर्षे तिथे एकेक करून साधी घरे बांधली. ना दिमाख, ना घुमट. वीट, गिलावा, बेताच्या खिडक्या. १९७३ साली एरिथ गेले, तरी टेरीने ते काम सोडले नाही. कोणी मोठा माणूस ती पाहायला जात नाही आणि कोणी त्यांच्यासाठी कतारला पत्र लिहीत नाही. टेरीने पुढची तीस वर्षे हवेल्यांऐवजी अशा वाटा बांधण्यात घालवली असती, त्या गावोगाव नेल्या असत्या, तर आमच्या स्नेह्यांना बशी खाली ठेवायला कारण सापडले नसते. त्याला २००५ साली ड्रीहाउस पारितोषिक मिळाले, २०१५ साली राजदरबारचा किताब मिळाला. बेडकांच्या कुरणाला कोण पारितोषिक देतो?

हा लेख छापून येईल तेव्हा दिवाळी आलेली असेल, आणि रिवाजाप्रमाणे स्नेही सपत्नीक आमच्याकडे फराळाला येतील. त्यांनी नुकतेच निरोपात कळवले आहे की त्यांच्या कचेरीच्या काचेच्या दर्शनी भिंतीतून यंदाच्या पावसात पाणी आले, लुकण बदलायचे काम चालू आहे आणि माणसे दोरीवर लटकून ते करीत आहेत. मी त्यावर अजून काही उत्तर दिलेले नाही. चकल्या झाल्यावर देईन.